भावोजींचा विषाणू

आमच्या थोरल्या भावोजींइतकी विषाणूवर माया करणारा माणूस रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं, असं त्यांच्याबरोबर एकाच कंपनीत नऊ वर्षं काढल्यावर मी म्हणू शकतो. लोक पोपट पाळतात, मासे पाळतात. भावोजींनी चवळीच्या पानावर पडणारा एक रोग पाळला होता. त्याचं खाणंपिणं, त्याचा मुक्काम, त्याला सोसणारी आणि न सोसणारी हवा यांची त्यांना जेवढी खबर असे तेवढी ताईच्या रक्तदाबाची कधी नव्हती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती म्हणायची, "मी आजारी पडले तर पानावर दाखवा, म्हणजे यांचं लक्ष जाईल."

ते पेणला राहायचे, गणपतीच्या एका कारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत. कंपनी रोह्याला. तिथे रंगाला लागणारी रसायनं तयार होत. त्या कंपनीत विषाणूचं काय काम, असा प्रश्न पडेल. तो सगळ्यांनाच पडत असे. त्याचं उत्तर एवढंच, की नव्वद सालानंतर मालकांना कुणीतरी सांगितलं, पुढचा जमाना बायोटेकचा आहे. मालकांनी एक खोली रिकामी केली, तीत एक अतिथंड फ्रीझर ठेवला, बाहेर 'संशोधन विभाग' अशी पितळी पाटी लावली आणि आत भावोजींना बसवलं. विभागात ते एकटेच. साहेबही तेच, शिपाईही तेच. मी त्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचो. मला तिथे लावलं होतं तेही भावोजींनीच, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ते सांगायला मला जड जाईल.

कंपनीच्या आवारातली हवा झाडांना मानवत नसे. दोन दिवसांत पानं करपून जात. म्हणून भावोजी चवळी घरी लावत आणि रोज सकाळी कंपनीच्या बसने रोह्याला नेत, संध्याकाळी परत आणत. खालच्या कारखान्यातले रंगाचे रिकामे डबे त्यांनी मागून आणले होते. गुलाबी, पिवळे, पीतांबरी रंगांचे ओघळ आलेले ते डबे खिडकीत, जिन्यात, न्हाणीघराच्या कठड्यावर, सगळीकडे. आंघोळीला गेलेल्या पाहुण्याला आधी आठ डबे बाहेर काढावे लागत आणि मग पुन्हा त्याच क्रमाने आत ठेवावे लागत, कारण कोणत्या डब्याला किती ऊन मिळालं याची त्यांच्याकडे वही होती. घरात चवळीची उसळ मात्र कधी शिजत नसे. "ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यांना खायचं नसतं," असं ते म्हणत, आणि हे बोलताना हसत नसत.

तंबाखूचं तर त्यांना एवढं वावडं, की विडी ओढणारा माणूस जिन्यात आला तरी ते नाकाने ओळखत. तंबाखूचा स्वतःचा एक विषाणू असतो, तो विडी जळली तरी मरत नाही, बोटांना चिकटून राहतो आणि दुसऱ्या झाडावर जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर उपाय दूध. दुधाने हात धुतले की तो लुळा पडतो. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला रोह्याकडची मंडळी आली तो कार्यक्रम ताईच्या घरीच होता. मुलाचे काका चांगले जाडजूड, तळहातावर तंबाखू मळतच जिना चढले. दारात भावोजी पातेलंभर दूध घेऊन उभे. "आधी हात," ते म्हणाले. काकांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा भावोजींकडे, तंबाखू खिडकीतून टाकली आणि दोन्ही हात दुधात बुडवले. त्यांच्यामागे सगळ्यांनीच बुडवले. लग्न जमलं. पुढे लग्नात आम्ही मांडवात शिरलो तर त्यांच्याकडच्या दोघी बायका चांदीच्या वाटीत दूध घेऊन उभ्या. "तुमच्याकडची रीत आहे ना, चुकायला नको," काका म्हणाले. आमच्याकडे अशी रीत नाही हे सांगायचा धीर कुणाला झाला नाही. भावोजींनी मात्र मनापासून हात धुतले आणि काकांना म्हणाले, "तुम्ही विज्ञानाला धरून आहात."

बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असे. रोपांचा ट्रे मांडीवर घेऊन बसणाऱ्या या माणसाला सगळे व्हायरससाहेब म्हणत, आणि त्या काळात विषाणू म्हटलं की लोकांना एड्सच आठवे. ड्रायव्हरने तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमच्या भावोजींना हाय का तसला काय?" मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग तसल्या गोष्टी पाळतात कशाला?" भावोजींना या रिकाम्या जागेचं वाईट वाटत नसे. तिथे ते दुसरा ट्रे ठेवत. मी बसलो तरच तो ट्रे माझ्या मांडीवर येई. बसमधला तो एकच मान मला मिळाला.

एका थंडीत, भातकापणी होऊन शेतात कडधान्यं उभी होती तेव्हा, गडबच्या पुढे त्यांनी अचानक बस थांबवायला लावली आणि खाली उतरून सरळ एका चवळीच्या शेतात घुसले. पानांवर पिवळे-हिरवे डाग, पानं सुरकुतलेली. भावोजी खाली बसून ती पानं अशी निरखू लागले की जणू हरवलेली वस्तू सापडली. बांधावरून शेताची मालकीण आली. म्हातारी पण खमकी.

"काय बघताय साहेब?"

"रोग बघतोय, काकी. फार सुंदर आलाय."

"सगली चवली नासली माझी, नि तुम्हाला सुंदर दिसतंय व्हय?"

बसमध्ये चाळीस माणसं खोळंबली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भावोजी बांधावर बसले आणि त्यांनी त्या बाईला सगळं समजावून सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं इतकं नीट सांगितलं. हा विषाणू म्हणजे दोन तुकड्यांचा एक निरोप असतो. पानात शिरला की पहिला तुकडा पानालाच कामाला लावतो आणि स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. दुसरा तुकडा त्या प्रतींसाठी अंगरखे शिवून घेतो, कारण अंगरख्याशिवाय त्यांना एका पेशीतून लांब कुठे जाता येत नाही. "मी काय करतो," ते म्हणाले, "प्रती काढायची त्याची हातोटी तशीच ठेवतो, पण अंगरख्याची ओळ कापून टाकतो आणि त्या जागी आपली ओळ लिहितो. मग पान आपल्याला हवं ते परकं प्रथिन बनवून देतं. आणि अंगरखा नाही म्हणून तो विषाणू जागचा हलत नाही. तुमच्या शेतात यायचा प्रश्नच नाही."

"नि काय लिवनार त्यात?"

"गुरांच्या लाळ-खुरकतीचा एक तुकडा. म्हणजे पानातून लस निघेल."

म्हातारीने पदर खोचला. मग तिने स्वतः वाकून तीन झाडं मुळासकट उपटली आणि त्यांच्या हातात दिली. "न्या. खुरकतीवर औषद निघत असंल तर सगलाच न्या."

लाळ-खुरकत त्यांच्या डोक्यात का बसली होती हे मला ताईकडून कळलं. जित्याजवळच्या गावात त्यांच्या वडिलांची थोडी भातशेती होती. भावोजी शाळेत असताना ऐन लावणीत ती साथ आली. मोठा बैल त्या रोगाने सहसा मरत नाही, नुसता निकामी होतो. खूर सडलेले, तोंडातून लाळेच्या तारा, आणि चिखलात उभं राहवत नाही म्हणून हंबरणारं जनावर. वासरं मात्र मरतात. गोठ्यातली दोन मेली. वडिलांनी त्या वर्षी आईला आणि मोठ्या मुलाला घेऊन हाताने चिखलणी केली. भावोजी याबद्दल स्वतः कधी बोलले नाहीत. बैल दिसला की आधी त्याच्या खुरांकडे बघायचे, एवढंच मी पाहिलेलं.

कंपनीला यातलं काही नको होतं. मालकांना वर्षाच्या अहवालात छापायला पांढऱ्या डगल्यातला एक माणूस हवा होता, तो मिळाला होता. पाहुणे आले की त्यांना त्या खोलीसमोरून नेत, भावोजी सूक्ष्मदर्शकात बघतायत असा फोटो काढत, आणि पाहुणे गेले की त्यांनी मागवलेल्या रसायनांच्या चिठ्ठ्या माझ्या स्टोअरमध्ये मंजुरीविना पडून राहत. तरी त्यांनी ते केलं. पाच वर्षं लागली. आधी खुणेचं एक प्रथिन घालून पाहायचं होतं. ते तयार झालं तर एका द्रावणात पान निळं होतं. एक दिवस दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते स्टोअरमध्ये आले, माझा हात धरून मला खोलीत घेऊन गेले. काचेच्या बशीत स्पिरिटमध्ये एक पान होतं. त्याचा हिरवा रंग पूर्ण निघून गेलेला, ओल्या कागदासारखं पांढरं पान, आणि त्यावर सात-आठ निळे ठिपके.

"एवढंच?" मी म्हटलं. मला खरोखरच एवढंच वाटलं.

"एवढंच," ते म्हणाले. त्यांनी बशी उजेडाकडे सरकवली. "ठिपक्याच्या बाहेर गेलेला नाही बघ. सांगितलं तेवढंच काम करून थांबलाय." मग त्यांनी डबा उघडला आणि आम्ही दोघांनी तिथे उभ्या उभ्या ताईने दिलेल्या घावनांचे तुकडे खाल्ले. त्यांनी खुणेच्या प्रथिनाच्या जागी खुरकतीचा तुकडा बसवायला त्याच आठवड्यात सुरुवात केली आणि वर्षभरात बसवलाही. पानात ते प्रथिन उतरत होतं. फार थोडं, पण उतरत होतं. त्याबद्दल त्यांनी परदेशातल्या एका प्राध्यापकांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचे लेख भावोजी पोस्टकार्डं पाठवून मागवत असत.

मग मालकांचे चिरंजीव कारभारात आले आणि त्यांना बायोटेकचा कंटाळा आला. हे भावोजींना कुणी सांगितलं नाही. त्यांना तीन दिवसांच्या सुरक्षा-प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. ते गेले त्याच दिवशी जनरल मॅनेजरनी मला बोलावलं. समोर माझ्या बढतीची फाइल उघडीच होती. ती मला दिसावी म्हणून उघडी होती की सहज, हे मला आजही सांगता येणार नाही.

"संशोधनची खोली दोन दिवसांत रिकामी हवी," ते म्हणाले. "तिथे ड्रम लावायचेत. सामानाची यादी करा. कामाचं असेल ते इतर खात्यांना, बाकी बॉयलरमध्ये."

"भावोजी शुक्रवारी येतायत, साहेब."

"ते आले की वाद घालतील. मग तुम्हालाच मध्ये पडावं लागेल. कशाला?"

"फ्रीझरमध्ये त्यांचं सगळं काम आहे."

"काम माणसाच्या डोक्यात असतं," साहेब म्हणाले. "ते कुठे फेकतोय आपण?"

पुण्याच्या वसतिगृहाचा फोन नंबर ताईकडे होता. माझ्या टेबलावर फोन होता. मी दोन चहा घेतले. मग खोलीत गेलो आणि यादी केली. फ्रीझर गेस्ट हाऊसला लिहिला. तो तिथे गेलाही, पण त्यात आइस्क्रीमचा दगड होतो म्हणून पुढे जिन्याखाली गंजत पडला. फ्रीझरमधून काढलेल्या खोक्यांत बोटाच्या पेराएवढ्या, झाकणाच्या नळ्या होत्या, चारशेच्या वर, प्रत्येकीवर त्यांचं मुंगीसारखं अक्षर. आत काय असेल ते बघायला मी एक हातात धरली. ती वितळली तेव्हा तळाशी एक थेंब दिसला. यादीत 'मजकूर' असा रकाना होता. मी लिहिलं, 'पाणी'. खाली सही केली. दुपारी बॉयलरवाल्याने खोकी आत लोटली.

शुक्रवारी भावोजी आले. पाटीच्या जागी चार भोकं आणि दारात ड्रम. ते स्टोअरमध्ये आले आणि त्यांनी यादी मागितली. उभ्यानेच शेवटपर्यंत वाचली, बोट फिरवत, घाई न करता.

"पाणी तू लिहिलंस?"

"हो."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दिसायला पाणीच."

एवढंच. मी शिव्यांची तयारी केली होती, त्यांच्या पाया पडायचीही केली होती. दोन्ही वाया गेलं. संध्याकाळी बसमध्ये ते खिडकीशी बसले, शेजारची जागा हाताने झटकली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बसलो. पहिल्यांदाच मांडीवर ट्रे नव्हता आणि हातांचं काय करावं हे दोघांनाही कळत नव्हतं. नागोठणं गेल्यावर ते म्हणाले, "प्रशिक्षण चांगलं होतं. आग लागली तर काय करायचं ते शिकवलं."

मला बढती मिळाली. भावोजींना सांडपाणी तपासायला बसवलं. तिथे त्यांनी खरे आकडे लिहायचा हट्ट धरला, म्हणून दोन महिन्यांत त्यांना कँटीनच्या पाण्यावर आणलं. पुन्हा सगळं उभं करायला काही वर्षं आणि एक खोली लागली असती. त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. घरातल्या डब्यांना ते पाणी घालत राहिले, वहीत ऊन लिहायचं मात्र थांबलं. चवळीला शेंगा आल्या. ताईने एक दिवस न विचारता उसळ केली. भावोजींनी ताटात पाहिलं आणि जेवले. ताई नंतर मला म्हणाली, "दुसऱ्यांदा वाढू का विचारलं, तर वाढ म्हणाले. त्यापेक्षा ताट भिरकावलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

पुढे चार-पाच महिन्यांनी परदेशातलं पत्र आलं. त्या प्राध्यापकांना भावोजींचं काम फार आवडलं होतं. आमच्याकडे मोठी प्रयोगशाळा आहे, तुमचा तुकडा आम्हाला पाठवला तर आपण दोघे मिळून पुढे जाऊ, असं त्यांनी लिहिलं होतं. मी रविवारी ताईकडे गेलो तेव्हा भावोजींनी ते पत्र माझ्यासमोर धरून मराठीत वाचून दाखवलं. एका वाक्यापाशी त्यांचा आवाज जरा हळू झाला. पाठवायला बर्फ किंवा पेटी काही लागत नाही, एक थेंब टिपकागदावर टाका, वाळू द्या आणि साध्या पाकिटात घाला, वर्षानुवर्षं टिकतो, असं ते वाक्य होतं.

माझ्या स्टोअरमध्ये टिपकागदाचे दस्ते होते. शाईचे डाग टिपायला टेबलावर एक कायम असे. त्या दिवशी यादीवरची सही मी त्यानेच टिपली होती. भावोजींनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "मलाही सुचायला हवं होतं. एकेक थेंब घरी आणून ठेवला असता तर. पण कंपनीचं होतं, म्हणून आणलं नाही."

भावोजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गडबच्या रस्त्याने जाताना चवळीचं शेत दिसलं की आजही माझी नजर आधी रोगट पान शोधते. पण माझ्या डोळ्यांसमोर सारखे येतात ते त्या पत्राचं उत्तर लिहिणारे भावोजी. तीन दिवस लिहीत होते. इंग्रजी तपासून दे म्हणून त्यांनी मला बोलावलं. पत्र छोटं होतं. आभार, प्राध्यापकांच्या नव्या लेखाबद्दल दोन बारीक शंका, आणि शेवटी एक ओळ, की दुर्दैवाने आमच्याकडे बराच काळ वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे सर्व नमुने नष्ट झाले, क्षमस्व.

"भावोजी," मी म्हटलं, "वीज गेली नव्हती."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली, पाकिटात सारला. "परक्या माणसाला घरातलं कशाला सांगायचं," ते म्हणाले, आणि पाकीट चिकटवून माझ्याकडे दिलं. "जाताना टाकशील?"

पेणच्या पोस्टात तेव्हा गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तराजूवर ठेवलं, वरचा पत्ता वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"लांब चाललंय. आत काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "नुसता कागद."

"मग जाईल बिनबोभाट," त्या म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.